जुन्या दुनळीचा जीर्णोद्धार

जुनी वस्तु वारशानें हातीं आली म्हणजे ती पुन्हां नव्यासारखी दिसावी अशी इच्छा होणें स्वाभाविक आहे. वाड्याच्या भिंतींना चुना काढावा, देवघरांतील समया घासून लख्ख कराव्या, पोथीला नवें बासन शिवावें, हा आपल्या घरांतील नित्याचा उद्योग असून त्यांत वावगें असें कांहींच नाहीं. परंतु ह्याच सदिच्छेनें एखाद्यानें आपल्या पणजोबांची दुनळी बंदूक कारागिराच्या हवालीं केली आणि "हिच्या नळ्या घासून चकचकीत करून द्या" असें त्यास सांगितलें, तर त्याच्या हातून असें एक कृत्य घडण्याचा संभव आहे कीं, जें मागाहून कोणत्याही उपायानें फिरवितां येणार नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या देशांतील हौशी शिकारीचे दिवस संपविले. तरी त्या दिवसांत विकत घेतलेल्या कित्येक बंदुका परवान्यांसह एका पिढीकडून दुसरीकडे चालत आलेल्या आहेत. कपाटाच्या कोपऱ्यांत त्या गंजत पडतात, आणि एके दिवशीं घरांतील कर्ता मनुष्य तिच्याकडे पाहून विचारांत पडतो कीं, आतां हिचें काय करावें? त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रश्न दिसावयास कारागिरीचा दिसतो. पण त्याचें उत्तर आधीं इतिहासांत शोधावें लागतें. नळीवरचा रंग काढावा किंवा न काढावा हें ठरविण्यापूर्वीं तो रंग म्हणजे काय, तो कशासाठीं दिला, आणि त्याच्या खालीं काय आहे, हें कळलें पाहिजे. तें कळलें म्हणजे असें दिसून येतें कीं, आपण ज्याला सरसकट गंज म्हणतों त्यांत दोन अगदीं निराळ्या वस्तु आहेत. एक कारागिराची कृति आहे आणि दुसरी हवेची. सारा निर्णय ह्या भेदावर अवलंबून आहे.

धातूविषयींची आपली दृष्टि तांब्यापितळेच्या भांड्यांनीं घडविलेली आहे. घागरीवर कळंक चढला कीं तो चिंचेनें व राखेनें काढावा आणि खालचें लाल तांबें बाहेर यावें. तें तांबें आंतबाहेर सारखेंच असल्यामुळें घासण्यानें त्याचें कांहीं बिघडत नाहीं. खंडेनवमीला घरांतील शस्त्रें बाहेर काढून, तीं घासूनपुसून पूजेस मांडण्याची जी रीत आहे तिच्यांतही हीच दृष्टि आहे. युरोपांतही फार काळ हीच समजूत होती. अठराव्या शतकांतील इंग्रज शिपाई आपल्या बंदुकीची नळी विटांच्या भुकटीनें घासून चकचकीत ठेवीत असे. ह्या शिस्तीनें नळीची जाडी वर्षानुवर्षें झिजत गेली, आणि उन्हांत चमकणारी नळी दुरून शत्रूस दिसूं लागली. शिकाऱ्याची अडचण तर ह्याहून मोठी. कारण पांखरांना मनुष्य दिसण्यापूर्वीं त्याची नळी दिसे. शिवाय इतके श्रम करूनही उघडें लोखंड एका दमट रात्रींत पुन्हां तांबडें होई तें निराळेंच.

ह्या अडचणींतून कारागिरांनीं जो मार्ग काढला तो मोठा चमत्कारिक आहे. लोखंडाला गंज चढणारच असेल तर तो आपल्या हुकुमानें चढूं द्यावा, असें त्यांनीं ठरविलें. चुन्यानें घासून नळीवरील तेलाचा अंश काढून टाकीत. मग मोरचूद, तेजाब व लोहाचे क्षार ह्यांसारख्या द्रव्यांचें पाणी तिला फडक्यानें लावून ती दमट जागीं ठेवीत. कांहीं तासांनीं तिच्यावर बारीक तांबडा गंज धरे. तो तारेच्या मऊ ब्रशानें पुसून काढीत, पुन्हां पाणी लावीत, पुन्हां गंज धरूं देत. हा क्रम कित्येक दिवस चाले. सैल गंज निघून जाई आणि धातूला घट्ट धरून बसणारा थर प्रत्येक फेरीबरोबर दाट होई. शेवटीं कढत पाण्यानें धुऊन व तेल लावून हें काम थांबवीत, आणि नळीला काताच्या वडीसारखा तपकिरी ओप येई. इंग्रज कारागीर ह्याला 'ब्राउनिंग' म्हणत. प्रत्येक फेरींत नळी उकळत्या पाण्यांत बुडविली तर तोच तांबडा गंज काळ्या गंजांत पालटतो, आणि पोलादी नळ्यांवर दिसणारा निळसर काळा रंग मिळतो. तात्पर्य, जुन्या नळीचा रंग हा वरून फांसलेला लेप किंवा चढविलेला मुलामा नाहीं. तो गंजच आहे. पण तो शिस्तींत वाढविलेला गंज आहे, आणि बाहेरच्या उच्छृंखल गंजापासून तोच नळीचें कांहीं अंशीं रक्षण करतो.

रक्षणाखेरीज त्याचें दुसरेंही एक काम होतें. एकोणिसाव्या शतकांतील उत्तम नळ्या सळईला भोंक पाडून केलेल्या नसत. लोखंडाच्या व पोलादाच्या कांबी आलटून पालटून रचीत व त्या तापवून एकजीव करीत. त्या गठ्ठ्याची सळई ओढून तिला दोरासारखा पीळ देत. अशा दोन, तीन किंवा चार पिळदार सळया शेजारीं शेजारीं जोडून त्यांची पट्टी करीत. आणि ती पट्टी एका दांड्याभोंवतीं मळसूत्रासारखी गुंडाळून, तिचे कांठ लाल तापवून हातोड्यानें सांधीत. इंग्लंडांत बर्मिंगहॅम, बेल्जममध्यें लीज आणि फ्रान्सांत साँ-एतियेन हीं ह्या धंद्याचीं मोठीं ठिकाणें होतीं. कांहीं नळ्यांसाठीं तर घोड्यांच्या नालांचे झिजलेले खिळे गोळा करीत, कारण नालाचा खिळा उत्तम मऊ लोखंडाचा असे. पण नळी घासून गुळगुळीत केली कीं ह्या साऱ्या श्रमांचा मागमूस तिच्यावर राहत नसे. ब्राउनिंगचें पाणी लागलें म्हणजे मात्र लोखंड एका रंगानें गंजे व पोलाद दुसऱ्या, आणि दोहोंच्या भेदामुळें पिळांची वलयें कुरळ्या केसांसारखीं नळीभर उमटत. नळी कशी घडविली हें त्या गंजावरून वाचतां येई.

ह्या नळ्यांना 'दमास्कस' असें नांव पडलें तें पूर्वेकडील शस्त्रांच्या कीर्तीमुळें. येथें दोन गोष्टींची गल्लत होण्याचा संभव आहे. जुन्या तलवारींच्या ज्या 'पाण्या'ची वाखाणणी होते तें दक्षिण हिंदुस्थानांत मुशींत आटविलेल्या पोलादाचें. तो पोलादाचा गोळा थंड होतांना त्याच्या पोटांतच नक्षी तयार होते, आणि हिराकसासारख्या द्रव्याच्या पाण्यानें ती वर दिसूं लागते. मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट ह्यांनीं ह्या 'वूट्झ' पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स ह्यांजकडे धाडले, आणि १७९५ मध्यें जॉर्ज पिअर्सन ह्यांनीं त्यांवरील आपले प्रयोग त्या सभेपुढें मांडले. पुढें मायकेल फॅरडे ह्यांनींही जेम्स स्टोडार्ट ह्या हत्यारें करणाऱ्या गृहस्थाच्या साहाय्यानें ह्या पोलादाचा अभ्यास केला. पिळाच्या नळ्यांची कला ह्याहून वेगळी आहे. तीही तुर्कस्थान व हिंदुस्थान येथें जुनी असली तरी तिच्यांतील नक्षी सळयांच्या जोडणींतून येते, मुशींतून येत नाहीं. परंतु एका बाबतींत तलवार आणि नळी सारख्याच आहेत. दोहोंतही धातूच्या पोटांतील रचना पृष्ठभागावर आणून दाखविणारा थर अत्यंत पातळ असतो, आणि काचकागदाचे चार हात फिरले कीं तो नाहींसा होतो.

नळीवर वाचण्यासारखें आणखीही कांहीं असतें. नळ्या दस्त्यापासून सोडवून उलट्या धरल्या म्हणजे त्यांच्या बुडाशीं सपाट भागावर लहान लहान ठसे दिसतात. बंदूक गिऱ्हाइकाच्या हातीं पडण्यापूर्वीं तिच्यांत नेहमींहून अधिक दारू भरून ती उडवून पाहावी, आणि टिकली तर तिच्यावर ठसा मारावा, ही युरोपांतील जुनी पद्धति आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला ह्यासाठीं १६३७ मध्यें राजाची सनद मिळाली. लीज येथें १६७२ मध्यें अशी परीक्षा सुरू झाली. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें निघालें. आणि १८६८ मध्यें इंग्लंडांत ह्या सर्व व्यवहाराचा सविस्तर कायदा झाला. हे ठसे म्हणजे बंदुकीची जन्मपत्रिकाच होत. दोन नळ्यांमधील पट्टीवर ठळक अक्षरांत लंडनचें नांव कोरलेलें असावें, आणि नळ्या उलटून पाहतां लंबवर्तुळांत लीजच्या परीक्षागृहाचीं ई, एल्, जी हीं अक्षरें निघावीं, असा प्रकार विरळा नाहीं. बेल्जममधून स्वस्त बंदुका इंग्रजी नांवें धारण करून जगभर गेल्या. कित्येक साध्या नळ्यांवर तर दमास्कसची नक्षी नुसती वरून उमटवून दिलेली असे. घरांतील परंपरा काय सांगते ह्यापेक्षां हे ठसे व हा रंग काय सांगतात ह्यावर इतिहासाच्या अभ्यासकाचा अधिक विश्वास बसतो.

ठशांतील आंकड्यांचा उपयोग तर जीवनमरणाचा आहे. 'बारा बोअर' म्हणजे नळीच्या पोकळींत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचें वजन एक पौंड भरतें. तेरा बोअर म्हणजे तेरा गोळ्यांचें, अर्थात् पोकळी थोडी लहान. पहिलीचा व्यास सुमारें ०.७३ इंच व दुसरीचा ०.७१. जुन्या इंग्रजी नळीवर १३ चा ठसा असून आज तिची पोकळी ०.७३ इंच भरत असेल, तर परीक्षेनंतर कोणीतरी तिच्या आंतील गंज काढण्यासाठीं धातु खरवडून काढला आहे, हें उघड होतें. इंग्लंडांत अशी नळी परीक्षेबाहेर गेली असें समजतात. बाहेरून घासल्यानेंही जाडी कमी होतेच. दुनळीची नळी पुढच्या भागीं मुळांतच पातळ असते. तेथें ती एका इंचाच्या वीस सहस्रांशांहून, म्हणजे सुमारें अर्ध्या मिलिमीटरहून कमी भरूं लागली कीं जाणते कारागीर तिला हात लावण्यास कचरतात. गंजाचे खड्डे घालविण्यासाठीं सभोंवतालचा सर्व धातु त्या खड्ड्यांच्या तळापर्यंत उतरवावा लागतो. सपाटी येते, पण ती कशाच्या मोलानें येते हें डोळ्यांना दिसत नाहीं.

दमास्कसच्या नळ्या पुढें मागें पडल्या त्याचें कारणही येथें सांगितलें पाहिजे. जोसेफ व्हिटवर्थ ह्यांनीं १८६५ मध्यें वितळलेलें पोलाद दाबून घट्ट करण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें, आणि अशा एकसंध पोलादाच्या नळ्या हळूहळू प्रचारांत आल्या. १८८४ मध्यें फ्रान्सांत पॉल व्हिएल ह्यांनीं सैन्याच्या रायफलींसाठीं धूरविरहित दारू तयार केली. तशा प्रकारच्या दारूंचा दाब जुन्या काळ्या दारूपेक्षां निराळ्या रीतीनें चढतो. तरी पिळाची नळी जात्याच दुबळी होती असें मानणें बरोबर नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहानें नानाविध नळ्या फुटेपर्यंत उडवून पाहिल्या, तेव्हां पहिला क्रमांक थरांच्या इंग्रजी पोलादाच्या पिळदार नळीलाच मिळाला. परंतु ती परीक्षा नव्या नळ्यांची होती. आज त्यांचें वय शंभराहून अधिक आहे, आणि दर इंचाला सांधे असलेल्या नळींत गंज कोणत्या सांध्यांतून किती खोल शिरला आहे हें वरून कळत नाहीं. म्हणून अशा बंदुकींत आजचें काडतूस घालूं नये. आणि चकचकीत नळी पाहून तर तें घालण्याचा मोह मुळींच धरूं नये. नवा ओप हा बळाचा पुरावा नव्हे.

आतां 'नवें करणें' म्हणजे प्रत्यक्षांत काय करतात तें पाहूं. प्रथम नळी कानशीनें व काचकागदानें उतरवितात. त्यांत कोरीव अक्षरांच्या व ठशांच्या कडा बोथट होतात, आणि हात जड असल्यास तीं अक्षरें पुसूनच जातात. नंतर रंगासाठीं आजकाल बहुधा कॉस्टिक सोडा व नायट्रेट ह्यांच्या कढत द्रावणांत नळी बुडवितात. ही रीत झटपट असून एकसंध पोलादी नळीला ती मानवते. परंतु जुन्या दुनळीच्या दोन नळ्या व त्यांमधील पट्टी कथलाच्या डाखानें जोडलेल्या असतात. तें दाहक द्रावण डाख खातें, पट्टीच्या खालीं दडून राहतें, आणि वर्षा-दोन वर्षांनीं आंतून गंज बाहेर ढकलूं लागतें. पिळाच्या नळीची नक्षीही त्यानें बिघडते. नळ्या ज्यांत बसतात त्या ठोकळ्याची गोष्ट आणखी निराळी. कातडें व हाडें ह्यांच्या कोळशांत तो पुरून, लाल तापवून पाण्यांत विझविला म्हणजे त्याचा वरचा थर कठीण होतो आणि त्याच्यावर निळ्या, तपकिरी, राखी रंगांच्या लाटा उमटतात. ते रंग पुन्हां हवे असतील तर तो ठोकळा पुन्हां तितकाच तापवावा लागतो. आणि तापून विझतांना तो रेसभर जरी वाकला तरी त्याच्या कारागिरानें साधलेली बेमालूम जुळणी कायमची गेली.

इतकें ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग जीर्णोद्धार हें आपल्याकडे पुण्यकर्म मानलें आहे तें काय चुकीचें? अहिल्याबाईंनीं काशीविश्वेश्वराचें देऊळ पुन्हां उभारलें, त्यांत जुना दगड किती आणि नवा किती हा हिशेब कोणी मांडला नाहीं. हें खरें आहे. कारण देवळाचें सार पूजेंत आहे. पूजा चालू राहावी म्हणून दगड बदलला तरी देऊळ तेंच राहतें. पण पोथीची गोष्ट तशी नाहीं. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती आपल्या ओव्या तींत घालून नव्हे, तर लेखकांच्या हातून शिरलेले अपपाठ काढून. तेथें मूळ अक्षर हेंच सार होतें, आणि शुद्ध करणाराचें मोठेपण स्वतःस आवरण्यांत होतें. युरोपांत एकोणिसाव्या शतकांत जुन्या इमारतींवरून जो वाद माजला तो मुळांत हाच. फ्रान्सांत व्हिओले-ल-द्यूक ह्यांचें मत असें पडलें कीं, इमारत पूर्वीं कधीं नसेल इतकी पूर्ण करणें हाही जीर्णोद्धारच. इंग्लंडांत रस्किन ह्यांनीं १८४९ मध्यें त्याला नाशाचें नांव दिलें, आणि विल्यम मॉरिस ह्यांनीं १८७७ मध्यें जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं संस्थाच काढली. आपल्या देशांतही सर जॉन मार्शल ह्यांनीं पुराणवस्तु खात्यासाठीं १९२३ मध्यें जी नियमावली लिहिली तिचा रोख नवें करण्यापेक्षां आहे तें राखण्याकडे आहे.

तेव्हां प्रश्न असा उरतो कीं, जुनी बंदूक देवळासारखी आहे, कीं पोथीसारखी? ह्याला एकच उत्तर नाहीं, आणि येथेंच जुन्या वस्तूंच्या भक्तांचाही थोडा गोंधळ होतो. अमेरिकेंतील संग्राहक पार्कर वगैरे जुन्या बंदुकांवरील मूळ रंगाचा अंश न् अंश मोजतात, आणि नवा रंग दिलेल्या बंदुकीची किंमत पाडतात. उलट इंग्लंडांतील नामांकित कारखाने आपल्याच बंदुका दुरुस्तीस आल्या म्हणजे त्यांच्या नळ्यांना नव्यानें काळा रंग देत आले आहेत, आणि त्यांत कोणास गैर वाटत नाहीं. कारण उघड आहे. ती बंदूक दर हंगामांत शेतावर जाते. तिची पूजा चालू आहे. ज्या परंपरेनें ती घडविली तीच तिला मूळच्या सावकाश रीतीनें पुन्हां रंग देते, आणि तिची परीक्षाही पुन्हां होऊं शकते. आपल्या घरांतील दुनळीची स्थिति बहुधा ह्याच्या उलट असते. तिची पूजा थांबलेली आहे. आतां ती पोथी झाली आहे.

आणि पोथी म्हणून ती काय सांगते तें पाहण्यासारखें आहे. १८७८ चा हत्यारांचा कायदा लिटनच्या कारकीर्दींत झाल्यावर हिंदी मनुष्याला परवान्यावांचून बंदूक ठेवणें अशक्य झालें. तेव्हां अशी एक बंदूक घरांत असणें ह्याचा अर्थ त्या घराचें सरकारदरबारीं काय स्थान होतें हेंही कळतें. कलकत्त्याच्या मँटनसारख्या पेढीचें नांव तिच्यावर असेल तर ती कोणत्या वाटेनें आली हें कळतें. ह्याहून जवळची खूण म्हणजे हाताची. ठोकळ्याच्या खालच्या बाजूस, जेथें धरून बंदूक तोलली जाते, तेथें रंगांच्या लाटा पुसून पांढरें पोलाद दिसूं लागलेलें असतें. नळ्यांवर डाव्या पंजाच्या जागीं तपकिरी ओप विरळ झालेला असतो. वर्षानुवर्षें शेतांच्या बांधांवरून ती वाहणाऱ्या माणसाच्या तळव्यानें तें काम केलेलें आहे. फोटोंत त्या माणसाचा चेहरा असेल, दप्तरांत त्याची सही असेल. पण त्याच्या हाताचा ठसा बहुधा एवढ्याच एका जागीं शिल्लक राहिलेला असतो. नवा ओप दिला कीं तो गेला.

कायद्याची बाजूही विसरून चालणार नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें बंदुकीवरील नांव, क्रमांक किंवा ओळखीची कोणतीही खूण पुसणें, काढणें अथवा बदलणें ह्यास मनाई आहे. आणि दुरुस्तीचा धंदाही परवान्याखेरीज करतां येत नाहीं. तेव्हां गांवच्या लोहाराकडून किंवा मोटारी रंगविणाऱ्याकडून हें काम उरकून घेण्यांत हौसेचा गुन्हा होऊन बसण्याचा धोका आहे. परवान्यावरचा क्रमांक आणि नळीवरचा क्रमांक ह्यांचा मेळ पटवून देण्याची पाळी आली म्हणजे घासलेल्या नळीचा मालक काय दाखविणार?

मग गंज तसाच ठेवावा काय? मुळींच नाहीं. हवेचा गंज कोणाचीही स्मृति नव्हे. तो धातु खातो, आणि त्याबरोबर नक्षी, ठसे व हाताची खूण हींही खातो. कोंकणच्या पावसाळ्यांत आणि खाऱ्या वाऱ्यांत त्याचा वेग मोठा असतो. म्हणून दोन गंजांतील भेद ओळखणें हें पहिलें काम. बंदूक रिकामी आहे अशी जाणत्याकडून खात्री करून घेऊन, पांढऱ्या फडक्याला पातळ तेल लावून तें नळीवरून फिरवावें. जो गंज तांबड्या भुकटीच्या रूपानें फडक्यावर येतो, बोटाला खरखरीत लागतो व पापुद्र्यासारखा वर उठलेला दिसतो, तो शत्रू. जो गुळगुळीत आहे, फडक्याला डाग देत नाहीं आणि ज्याच्यांतून पिळांची वलयें अंधुक कां होईना पण दिसतात, तो कारागिराचा ओप. पहिल्याला तेलांत कांहीं दिवस मुरूं देऊन लांकडाच्या किंवा शिंगाच्या पट्टीनें हळूहळू सोडवावें. दुसऱ्याला फक्त पुसावें, आणि वर तेलाचा अथवा मेणाचा पातळ हात द्यावा. चामड्याच्या पेटींत बंदूक ठेवण्याची जी चाल आहे ती मात्र पावसाळ्यांत सोडावी, कारण चामडें ओल धरून ठेवतें. एवढ्यानें शंभरांतील बहुतेक प्रसंगीं काम भागतें.

जेथें भागत नाहीं अशा बंदुका दोन तऱ्हेच्या असतात. कांहींच्या नळ्या इतक्या खाल्लेल्या असतात कीं खड्डे काढूं गेल्यास जाडी उरणार नाहीं. त्यांचा गंज थांबवून त्यांस तशाच राहूं द्यावें. दुसऱ्या अशा कीं, पूर्वींच्या एखाद्या उत्साही वारसानें त्या घासून पांढऱ्या करून ठेवलेल्या असतात. तेथें राखण्यासारखा मूळ ओप राहिलेलाच नसतो, आणि उघडें लोखंड तर सारखें गंजत असतें. अशा नळ्यांची जाडी व पोकळी मोजून घेऊन, ठसे शाबूत आहेत असें पाहून, परवानाधारक व ह्या कामांत मुरलेल्या कारागिराकडून सावकाश ब्राउनिंग करून घेण्यास हरकत नाहीं. तेंही न घासतां, जुन्या खड्ड्यांसकट. त्यापूर्वीं फोटो काढावे, आणि कोणीं, केव्हां, काय केलें हें कागदावर लिहून तो कागद परवान्याजवळ ठेवावा. पुढच्या पिढीला तेव्हां नवा रंग जुना म्हणून फसवणार नाहीं.

बाकी सर्व बंदुकांविषयीं, म्हणजे ज्यांवर मूळच्या ओपाचा चतुर्थांश जरी उरला असेल अशांविषयीं, माझें मत निश्चित आहे. त्यांना हात लावूं नये. नवा ओप पुढें कधींही देतां येईल; त्याची घाई नाहीं. काढलेला जुना मात्र पुन्हां आणतां येत नाहीं. वारसानें हा निर्णय आपल्यापुरता आहे असें समजूं नये. त्याच्या मागून येणाऱ्यांच्या वतीनेंही तोच तो घेत असतो, आणि त्यांना विचारण्याची सोय नसते. म्हणून शंका असेल तेथें तेलाची बाटली आणि पांढरें फडकें एवढ्यावरच थांबणें हें त्याचें कर्तव्य आहे.